अवघड खेळ मुलांना मानवतो काय?



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी कामगार संहितांवर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलेन अशी त्यांची समजूत असावी. तीसएक वर्षे त्याच गोष्टींवर मी घसा कोरडा केला आहे. ह्या खेपेला मी त्यांना एका व्हिडिओ गेमचे नाव सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले व मग म्हणाले, "कागदावर लिहून द्या, म्हणजे पत्रिकेत चूक व्हायची नाही." ते नाव 'सेलेस्ट'. त्या संध्याकाळी जे बोललो, तेच येथे थोडे नीट करून लिहिले आहे.

विषय घरातूनच आला. माझी मुलगी चिंचवडला असते. तिचा मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे. जावयांच्या जुन्या लॅपटॉपवर तो हा खेळ खेळत होता. एके दिवशी त्याने हातातला कंट्रोलर भिंतीवर फेकला. मुलीने कंट्रोलर उचलून कपाटात घातला आणि किल्ली पदराला बांधली. चार दिवस घरात अबोला. शेवटी दोन्ही बाजूंनी मला फोन केला. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही त्याला समजावा." नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही आईला सांगा." आयुष्यात अनेक तंट्यांत मी एका बाजूने बसलो आहे. लवाद म्हणून बसण्याची ही पहिलीच वेळ.

लवादाने आधी यंत्र पाहावे असा माझा नियम आहे. कापड खराब निघाले तर विणकराला बोल लावण्यापूर्वी माग बघावा लागतो. म्हणून मी चिंचवडला जाऊन दोन रात्री स्वतः तो खेळ खेळलो.

खेळ असा आहे. मॅडेलिन नावाची एक तरुण मुलगी सेलेस्ट नावाचा पर्वत चढायला निघते. तिला तीनच गोष्टी येतात. उडी मारणे, भिंतीला धरून चढणे, आणि हवेत असताना एकदा कोणत्याही दिशेला जोराने झेप घेणे. झेप वापरली की तिचे तांबडे केस निळे होतात, पाय जमिनीला लागले की पुन्हा तांबडे. म्हणजे शिल्लक किती ते केसांवरून कळते. फळ्या, कट्टे, कोसळणारे दगड आणि सगळीकडे काटे. ह्या प्रकाराला प्लॅटफॉर्म गेम म्हणतात. रेल्वेच्या फलाटाशी त्याचा काही संबंध नाही, एका आधारावरून दुसऱ्या आधारावर उडी मारत जायचे एवढाच अर्थ. चित्रे मुद्दाम जुन्या धाटणीची, ठिपक्याठिपक्यांची आहेत. सगळे चित्र 320 ठिपके रुंद आणि 180 ठिपके उंच. चाळीस वर्षांपूर्वीच्या टीव्ही गेमची आठवण यावी अशी ती रचना आहे.

मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी ह्या दोघांनी 2015 साली चार दिवसांत ह्याची एक छोटी आवृत्ती केली. तिचा मोठा खेळ 25 जानेवारी 2018 रोजी बाहेर आला. त्याच वर्षीच्या 'गेम अवॉर्ड्स'मध्ये स्वतंत्रपणे काम करणाऱ्या मंडळींच्या खेळांतला सर्वोत्तम म्हणून त्याला पारितोषिक मिळाले.

आणि खेळ अवघड आहे, ह्यात शंका नाही. पहिल्याच प्रकरणात मी इतक्या वेळा पडलो की मोजणे सोडून दिले. खेळाने मात्र सोडले नाही, त्याच्या वहीत आकडा लिहिलेला असतो. नातवाचा आकडा आठशेच्या पुढे गेला होता. "आजोबा, मी आठशे वेळा मेलो," असे तो सहज सांगतो. त्याच्या आजीला ही भाषा मुळीच खपत नाही. "अभद्र बोलू नये रे, पडलो म्हण." तेव्हापासून आमच्या घरात पडणेच म्हणतात, आणि मीही येथे तेच म्हणणार आहे.

आता मुद्दा हा, की नऊ वर्षांच्या मुलाने आठशे वेळा पडावे काय?

उत्तर देण्यापूर्वी असे खेळ अवघड का झाले हे पाहिले पाहिजे. ते मुळात मुलांच्या बुद्धीला धार यावी म्हणून अवघड केलेले नव्हते. 1981 साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा 'डाँकी काँग' आला. तो दुकानात ठेवलेल्या उभ्या यंत्रावर नाणे टाकून खेळायचा. खेळणारा जितका लवकर हरेल तितके पुढचे नाणे लवकर पडणार. यंत्राच्या आत बारीक खटके असत आणि खेळणाऱ्याला तीन 'लाइफ' द्यायच्या की जास्त, हे मालक त्या खटक्यांनी ठरवी. बाहेर उभ्या पोराला वाटे, आपण कच्चे आहोत. खटका आत, मालकाच्या हाती. ज्यांनी कारखान्यात काम केले आहे त्यांना ह्याहून जास्त सांगायला नको. पट्ट्याचा वेग वाढवणारा हात कामगाराला दिसत नाही, आपलेच हात मंद झाले असे त्याला वाटते.

पुढे हे खेळ घरी आले. 1985 चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' सबंध 40 किलोबाइटमध्ये बसला होता. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो त्याच्या कित्येक पट मोठा असतो. एवढ्याशा कॅसेटमध्ये महिनाभर पुरेल असा खेळ भरायचा कसा? तर तीन लाइफ द्यायच्या, त्या संपल्या की पहिल्यापासून सुरुवात. वाट लहान होती, ती चढ वाढवून लांब केली. आपल्याकडे नव्वदीच्या दशकात जी मुले टीव्हीला गेमचा डबा जोडून बसत, त्यांना आठवत असेल की शेवटच्या टप्प्यावर लाइफ गेली की पोटात कसा गोळा उठे. त्यातच आईने मुख्य बटण बंद केले तर विचारूच नका.

येथे मला स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण निवाडा मी तिच्यावरून केला. माझे वडील मुंबईत गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, तो कधी संपला ह्याची तारीख आमच्या घरात कोणालाच सांगता येत नाही. आम्ही गावी परतलो. माझी शाळा नववीत सुटली आणि सोळाव्या वर्षी मी इचलकरंजीत यंत्रमागावर लागलो. कारखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही. तेथे ताक्यावर मजुरी होती आणि कापडात डाग निघाला की मजुरी कापत. धागा तुटला, तो वेळेवर सांधला नाही, धोटा अडकला, की डाग. नव्या पोराच्या हातून हे होणारच. मी काय शिकलो? विणायला नव्हे, डाग लपवायला शिकलो. घडी अशी घालायची की तपासनिसाचे बोट तेथे पडू नये. सहा महिने झाले तरी मला नीट गाठ मारता येत नव्हती, आणि आपले हातच ह्या कामाचे नाहीत अशी माझी खात्री झाली होती. पुढे रात्रपाळीला एक म्हातारा विणकर भेटला. बंद पडलेल्या एका मागावर तो मला उभा करी. ताणा जुना, कापड कोणी मोजणार नाही. स्वतः हाताने धागा तोडी आणि म्हणे, "सांध." मी सांधला की पुन्हा तोडी. त्या बंद मागावर मी तीन आठवड्यांत शिकलो. धागा तितकाच तुटत होता, बहुधा जास्तच. फक्त तुटलेल्या धाग्याचे पैसे माझ्या मजुरीतून जात नव्हते.

'सेलेस्ट' खेळताना मला तो बंद माग आठवला. ह्या खेळात लाइफ मोजलेल्या नाहीत. पडलात की क्षणात त्याच खोलीच्या दाराशी पुन्हा उभे. खोल्या लहान, बहुतेक एका पडद्यात मावणाऱ्या. आठशे वेळा पडलेल्या मुलाचे आठशे वेळा काहीही हिरावलेले नसते, दोन-चार सेकंदांचे काम गेलेले असते. खेळाच्या ओघात एक पोस्टकार्ड येते, त्याचा आशय असा, की पडण्याच्या आकड्याची लाज बाळगू नका, तितके तुम्ही शिकत आहात. वाटेत स्ट्रॉबेऱ्या ठेवलेल्या आहेत (महाबळेश्वरच्या नव्हेत), एकूण 175. त्या गोळा केल्या तर मित्रांवर छाप पडेल, ह्यापलीकडे उपयोग नाही, असे खेळ स्वतःच सांगतो. एवढा प्रामाणिक बोनस मी कोणत्याही करारात पाहिलेला नाही.

आणखी एक गोष्ट खेळणाऱ्याच्या नजरेला येत नाही. कड्याच्या टोकावरून पाय सुटल्यावरही सेकंदाच्या सुमारे दहाव्या हिश्शापर्यंत उडीचे बटण दाबले तर उडी मान्य होते. डोके छताच्या कोपऱ्याला किंचित घासले तर खेळ मॅडेलिनला हळूच बाजूला सरकवतो. जुन्या यंत्रात गुप्त खटका मालकाच्या बाजूने होता. येथे गुप्त सवलत शिकणाऱ्याच्या बाजूने आहे. खेळ कठोर दिसतो, पण आतून मुलाचा पक्ष घेतो. अवघड खेळ आणि नाडणारा खेळ ह्यांत फरक कोठे आहे, ते मला येथे समजले.

मग मुलाने कंट्रोलर का फेकला? मी त्याला विचारले. बराच वेळ तो पायाच्या अंगठ्याने फरशी घासत बसला. मग म्हणाला, "वर्गातल्या एकाने दोन दिवसांत पुढचं प्रकरण केलं. मी ढच आहे." म्हणजे दंड खेळाने केला नव्हता. दंड बाहेरून येऊन बसला होता. दुसऱ्याच्या ताक्याशी आपला ताका मोजण्याची ही सवय पोरांना आपणच लावतो. शाळा लावते, शिकवणी लावते, आणि खरे बोलायचे तर आजोबाही लावतात. मागच्या दिवाळीत त्याच्या मावसभावाचे गुण मीच त्याच्यासमोर वाचून दाखवले होते.

ह्या खेळात साहाय्याची एक सोय आहे. ती चालू केली म्हणजे खेळाचा वेग शंभरावरून दहा-दहाने पन्नासापर्यंत खाली आणता येतो. चढताना दम संपणार नाही असे करता येते, जास्त झेपा घेता येतात, काट्यांनी इजाच होणार नाही असेही करता येते. नातवाला ही सोय ठाऊक होती. पण ती वापरणे म्हणजे फसवणूक, असे त्याच्या मित्रमंडळात ठरले होते. मी त्याला म्हणालो, "अरे, उंच माणसाच्या मापाचा माग बुटक्या माणसाला दिला तर तो पायाखाली फळी घेतो. फळी घेतली म्हणून त्याचे कापड खोटे ठरते काय?" माणसाने यंत्राच्या मापाने स्वतःला कापून घ्यायचे की यंत्र माणसाच्या मापाला आणायचे, ह्या एका प्रश्नावर आमच्या चळवळीची निम्मी भांडणे झाली आहेत. येथे खटके खेळणाऱ्याच्याच हाती दिलेले आहेत, आणि पोरे लाजेने त्यांना हात लावत नाहीत! असो.

आता मुलीची बाजू. तिचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. पहिला आक्षेप वयाचा. युरोपातील पेगी ही संस्था ह्या खेळावर सातचा शिक्का मारते, अमेरिकेतील ईएसआरबी ही संस्था दहा व त्यापुढील असे म्हणते. पालक शिक्का पाहून डबा विकत घेतात. परंतु पेगीचा शिक्का खेळात काय दाखवले आहे ते सांगतो, खेळ किती अवघड आहे हे त्यात धरलेलेच नसते. त्या हिशेबाने बुद्धिबळाचा पटही तीन वर्षांच्या मुलाच्या हाती द्यायला हरकत नसावी! सात वर्षांच्या मुलाला ह्या खेळातले दृश्य बाधणार नाही, पण बोटांचा मेळ बसायला त्याला फार कष्ट पडतील. साहाय्य न घेता खेळायचे तर दहा-अकराच्या आत मी सुचवणार नाही. साहाय्य घेऊन, शेजारी कोणी मोठे बसलेले असेल, तर आठ-नऊलाही चालेल.

दुसरा आक्षेप कथेचा, आणि तो अधिक वजनाचा आहे. मॅडेलिन ही मनाने खचलेली, धास्तावलेली मुलगी आहे. दुसऱ्या प्रकरणात आरशातून तिचेच एक काळे रूप बाहेर पडते, आणि तुझ्याने हे होणार नाही, परत फिर, असे तिला बजावत राहते. चौथ्या प्रकरणात दोरीवरचा पाळणा अधांतरी अडकतो, तिचा श्वास कोंडतो, तेव्हा सोबतचा थिओ तिला सांगतो की एक पीस हवेत तरंगते आहे असे मनात आण, आणि श्वासाने ते सावर. खेळणाऱ्याने बटण दाबून-सोडून ते पीस चौकटीत राखायचे. पाचवे प्रकरण अंधाऱ्या मंदिरात घडते, तेथे पाठलाग करणारे राक्षस आहेत. ते लहान मुलाला भिववील. आणि हे सारे संवाद इंग्रजीत किंवा आणखी काही परक्या भाषांत. मराठीत नाहीत. माझा नातू संवाद आला की बटण दाबून पुढे पळत होता. उड्या त्याच्या वाट्याला आल्या, आणि ज्यासाठी उड्या होत्या ती गोष्ट निसटली. 'मी ढ आहे' म्हणणारा मुलगा नेमक्या त्याच विषयाच्या गोष्टीत शिरून काही न ऐकता बाहेर पडत होता, हे पाहून मला चुटपूट लागली.

तिसरा आक्षेप व्यसनाचा. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या विकाराची नोंद रोगांच्या नव्या वर्गीकरणात केली आहे. 2019 साली ते संमत झाले, 1 जानेवारी 2022 पासून लागू झाले. पण तेथील व्याख्या वाचावी. खेळावरचा ताबा सुटणे, बाकी सर्व गोष्टींवर खेळाने मात करणे, नुकसान दिसत असूनही न थांबणे, आणि हे साधारणपणे वर्षभर चालणे. चिडून एकदा कंट्रोलर फेकणे म्हणजे विकार नव्हे. मी तर म्हणेन की ज्यांची भीती धरावी ते खेळ अवघड नसतात, सोपे असतात. मोबाइलवर फुकट मिळतात, सुरुवातीला जिंकू देतात, मग थांबवून ठेवतात, आणि थांबायचे नसेल तर पैसे मागतात. कित्येकांत बंद पेटी विकतात, आत काय निघेल ते दैवावर. बेल्जियमच्या जुगार आयोगाने 2018 मध्ये अशा विकतच्या पेट्या जुगाराच्या कायद्याविरुद्ध ठरवल्या. आपल्या संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. 'सेलेस्ट' एकदा विकत घेतला की पुन्हा हात पसरत नाही. जुने नाणे टाकायचे यंत्र मेले असे समजू नका, ते आता खिशात आले आहे.

एक मुद्दा जाता जाता. हे खेळ करणारेही मजूरच आहेत. अमेरिकेत रेव्हन सॉफ्टवेअर कंपनीत खेळांतल्या चुका शोधणाऱ्या कामगारांनी मे 2022 मध्ये 19 विरुद्ध 3 मतांनी युनियन केली. नातवाला हे सांगितले तेव्हा त्याने विचारले, "म्हणजे दिवसभर गेम खेळण्याचा पगार?" मी म्हणालो, "एकाच भिंतीवर दिवसभर डोके आपटण्याचा." तो विचारात पडला.

शेवटी समेट झाला. खेळ रोज पाऊण तास, पण वेळ संपली तरी हाती घेतलेली खोली पुरी करू द्यायची, अध्येमध्ये बटण बंद करायचे नाही. ही अट मुलाने मागितली आणि ती न्याय्य होती, कारण पाळी संपली म्हणून कोणी ताणा अर्धा कापत नाही. साहाय्याचे खटके मुलाच्या हाती, त्यावरून कोणी हिणवायचे नाही. संवाद आला की आई किंवा बाबा शेजारी बसून मराठीत सांगणार. वर्गातल्या मुलाचे नाव घरात काढायचे नाही, मावसभावाच्या गुणांचेही. हे कलम मी स्वतःविरुद्ध घातले. आणि कंट्रोलर फेकला तर तीन दिवस बंद, ही आईची अट, ती मुलाने खळखळ न करता मान्य केली.

ह्याला आता चार महिने झाले. नातवाने वेग ऐंशीवर आणून दुसरे प्रकरण पार केले, मग कोणी न सांगता तेच प्रकरण शंभरावर पुन्हा खेळला. त्यात त्याला एक लपवलेली कॅसेट सापडली. ती मिळाली की त्याच प्रकरणाची अधिक अवघड आवृत्ती उघडते. त्याने मला फोन करून विचारले, "आजोबा, ही चौकोनी वस्तू काय आहे?" टेप रेकॉर्डरची कॅसेट त्याने जन्मात पाहिलेली नव्हती. त्या अवघड आवृत्तीला त्याने अजून हात लावलेला नाही, आणि लावू नये हेच बरे, ती मोठ्यांचीही परीक्षा पाहते. पाचव्या प्रकरणातले अंधारे मंदिर पाहून तो भ्याला, म्हणून ते तसेच सोडून दिले आहे. मुलीने मात्र पिसाचा प्रसंग दोनदा बघितला. पहिल्यांदा त्याला सांगण्यासाठी आणि दुसऱ्यांदा, तो झोपल्यावर, एकटीने. शाळेत तोंडी परीक्षेच्या सकाळी दोघे डोळे मिटून बसले होते, असे जावई सांगत होते.

करारातला एक मुद्दा अजून लोंबकळत आहे. रविवारी पाऊण तास की दीड तास, ह्यावर दोन्ही पक्षांचे एकमत नाही. येत्या रविवारी चिंचवडला बैठक आहे. मी तिसऱ्या प्रकरणातल्या हॉटेलात अडकलो आहे, तेव्हा जाण्यात माझाही थोडा स्वार्थ आहे.